नानांची दोन दिवसांची विलायत

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. राजगुरुनगरच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव, तिथं शाळाच तेवढी होती. त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, जोडाक्षर आलं की हात अडखळतो, आणि अक्षर असं की किराणावाला माझी चिठ्ठी उलटी धरतो, मग सुलटी धरतो आणि शेवटी मलाच वाचायला सांगतो. हे मी कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलंच, तर त्यानं माझ्या चुकांकडे बघू नये, माणसाकडे बघावं. माणूस बघण्यासारखा आहे.

भाजीवाली बिल्डिंगच्या खाली उभी राहून ओरडते, "नाना, मेथी घ्या, ताजी हाय!" तर भालेराव नाना तिच्याजवळ जातात, जुडी हातात घेतात आणि म्हणतात, "इंग्लंडच्या वरच्या अंगाला एक रस्ता आहे. दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो."

ती म्हणते, "दोन जुड्या देऊ?"

नाना म्हणतात, "गाडी घेऊन जायचं, पण वेळ बघून."

तिला आता सवय झाली आहे. ती दोन जुड्या पिशवीत टाकते, नाना पैसे देतात, आणि त्या रस्त्याचं पुढचं तिला जिन्यापर्यंत सांगत येतात. समुद्राच्या तिथं भरती-ओहोटीच्या दोन शिफ्ट असतात म्हणे. शिफ्ट सुटली की रस्ता मोकळा. शिफ्ट लागली की गाडी पाण्यात. मधेच उंच खांबांवर एक लाकडी खोली बांधली आहे. अडकलेल्या माणसानं शिडी चढून त्या खोलीत बसायचं, पाणी उतरेपर्यंत. "वेळापत्रक लावलेलं असतं, राव, तरी अडकतात लोक!" असं म्हणून नाना कपाळाला हात लावतात, जसं काही त्यांच्याच डिपार्टमेंटची माणसं अडकली आहेत.

नाना विलायतेला कधी गेलेले नाहीत. विमान त्यांनी पाहिलं आहे ते लोहगावकडे जाताना आभाळात. आकुर्डीच्या एका कारखान्यात ते प्रेस शॉपला होते, म्हणजे पत्रा दाबून त्याचे भाग काढायच्या मोठ्या मशीनवर. तिथूनच रिटायर झाले. आमच्या रहाटणीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीला लागून त्यांची खोली. बायको, म्हणजे आमच्या माई, वारल्या. एकच मुलगी, संघमित्रा, तिला सगळे मित्रा म्हणतात. ती नर्सिंग शिकली आणि इंग्लंडात शेफील्ड म्हणून गाव आहे तिथं म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायच्या नोकरीवर गेली. शेफील्डचं वर्णन नाना एका वाक्यात करतात, "स्टीलचं गाव. आपलं चाकणच समज, फक्त थंड." माई गेल्यापासून मी नानांच्या पोळ्या करते.

ज्याला कोणाला विलायतेला जायचं असेल त्याला नाना गाठतात. आमच्या भागात असे लोक बरेच. पाठीला बॅग लावून हिंजवडीला जाणारी पोरं कधी तरी तीन-चार महिन्यांसाठी तिकडं जातात. कोण जाणार याचा वास नानांना कसा लागतो ते मला कळत नाही. जिन्यात हात आडवा घालून उभे राहतात.

"राजाचा वाडा बघू नका. तो कधी तुमची खोली बघायला आला का? मोठं घड्याळ बघू नका, वेळ मोबाईलवर दिसते. शनिवार-रविवार सुट्टी असते ना? दोन दिवस पुष्कळ. तिसरा दिवस मागायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा. गर्दी सोडा, गल्ली धरा."

हे त्यांचं ब्रीद. गर्दी सोडा, गल्ली धरा.

मग गल्ल्या सुरू होतात. एका गावात पेन्सिलींचं म्युझियम आहे, तिथली एक पेन्सिल टेम्पोपेक्षा लांब. वेल्समध्ये समुद्राच्या काठावर लाल रंगाचं एक घर, आपल्या जिन्याखालच्या जागेएवढं. त्यात एक उंच कोळी राहायचा, त्याला सरळ उभं राहता यायचं नाही. आणखी एका गावात असा झिरपता कडा आहे की त्याच्या पाण्याखाली जे टांगाल त्याचा काही महिन्यांत दगड होतो. लोक दोरीला टोप्या टांगतात, किटल्या टांगतात, लहान पोरांची कापसाची अस्वलं टांगतात. हे सांगताना नाना आवाज खाली आणतात. "अस्वल मऊ असतं हो जाताना. येताना दगड."

तिसऱ्या मजल्यावरचा निखिल एकदा ऑफिसच्या कामाला तिकडं गेला. नानांनी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं की एका शनिवारी तो गवत कापायच्या मशीनींचं म्युझियम बघेल. निखिल भला मुलगा, खरंच गेला. परत आला तेव्हा जिन्यात भेटला आणि एक बोट वर करून म्हणाला, "नाना, अख्ख्या म्युझियममध्ये मी एकटा होतो. एकटा!"

नाना खूश झाले. "मग! गर्दी नव्हती ना?"

"आणि ते राहायचं जे सांगितलं होतंत, सार्वजनिक घर, ते दारूचं दुकान निघालं."

"व्यवस्था चांगली असेल," नाना म्हणाले आणि पोळीचा डबा घेऊन आत गेले.

झालं होतं असं की नाना इंग्रजी पानं मोबाईलवर उघडायचे आणि एक बटण दाबून मराठी करून घ्यायचे. मोबाईलची मराठी मोबाईलचीच. तिथल्या दारूच्या गुत्त्याला इंग्रजीत पब्लिक हाऊस म्हणतात, त्याचं त्यानं सार्वजनिक घर केलं. नानांना वाटलं, आपल्या समाजमंदिरासारखं काही असेल, सतरंजी घालून झोपता येईल. कुठं पानावर 'कुत्र्यांचे स्वागत आहे' असं आलं तर नानांना भरून यायचं. "बघा ताई, कुत्र्याचंसुद्धा स्वागत करतात. आपल्याकडं जावयाचं होत नाही."

मी हसायचे. बोलायचे नाही. मला मुळात बोलायला जमत नाही. माझा आवाज समोरच्या माणसापर्यंत पोचायच्या आधीच खाली पडतो. आमचे हे म्हणतात, "तू बोलतीस का पुटपुटतीस?" हे चाकणला टेम्पो चालवतात, दिवसभर हॉर्नमध्ये असतात, त्यांना माझं अर्धं ऐकू येत नाही. नानांकडे मला बरं वाटायचं, कारण नाना काही विचारायचेच नाहीत. ते बोलायचे, मी लाटायचे.

ते का विचारत नाहीत हे मला कुकरमुळे कळलं. माई गेल्यावर दोनेक वर्षांनी एकदा मी त्यांच्या गॅसवर डाळ लावून खाली दळण आणायला गेले. वर येते तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय, डाळ झाकणातून बाहेर आली आहे, आणि नाना त्याच्या शेजारी स्टुलावर बसून शांतपणे मोबाईल वाचतायत. मी गॅस बंद केला. नानांनी वर बघितलं आणि म्हणाले, "झाली का? दोनच शिट्ट्या द्यायच्या, जास्त नाही."

तेव्हा मी ओळखलं, यांना ऐकू येत नाही. थोडं थोडकं नाही, जवळजवळ काहीच नाही. मग एकेक गोष्ट जुळत गेली. नाना समोरच्याला बोलूच देत नाहीत, कारण तो बोलला तर उत्तर द्यावं लागेल. मेथीला समुद्राचं उत्तर येतं ते त्यामुळं. बिल्डिंग समजत होती, म्हातारा बडबड्या आहे. बडबड्या म्हटलेलं नानांना चालत होतं. मी कोणाला काही बोलले नाही. त्यांनी लपवलं होतं, तर लपलेलं राहू द्यावं.

दर रविवारी दुपारी मित्राचा फोन यायचा. नाना त्याआधी दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे, बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचे. आवाज पूर्ण वाढवलेला, तो मला बाहेर मोरीपर्यंत यायचा. फोनवर तिचं तोंड दिसायचं. नाना तिच्या ओठांकडे टक लावून बघायचे. "नाना, कसे आहात?" एवढं त्यांना ओठांवरून कळायचं. "मी ठणठणीत!" असं ओरडून ते लगेच सुरू व्हायचे. या सुट्टीला इथं जा, पुढच्या सुट्टीला तिथं जा. बस कुठून, परतीची कधी, बरोबर काय न्यायचं. बिचारी जायची. खरंच जायची. लाल घरासमोर उभी राहून फोटो पाठवायची, लांब पेन्सिलीजवळचा पाठवायची. त्या झिरपत्या कड्याखाली तिनं स्वतःचा एक पायमोजा टांगून दाखवला होता. नाना ते फोटो बिल्डिंगभर फिरवायचे.

आता साडीचं सांगते.

शेफील्डच्या जवळ डोंगरातली खेडी आहेत. तिथं उन्हाळ्यात एक सण असतो. इंग्रजीत त्याला वेल ड्रेसिंग म्हणतात. मोबाईलनं त्याचं मराठी केलं, 'चांगले कपडे परिधान करणे'. नाना हरखले. एक अख्खं गाव वर्षातून एकदा नुसतं चांगले कपडे घालतं, बाकी काही नाही! त्या रविवारी त्यांनी मित्राला दुसरं काही सांगितलंच नाही. "जीन घालून जायचं नाही. लोक काय म्हणतील? आईची ती मोरपंखी साडी नेलीयस ना बॅगेत? ती नेस."

ती साडी माईंची. नानांना एका वर्षी बोनस बरा मिळाला होता तेव्हा घेतलेली, रेशमी. माईंनी ती मोजक्या वेळा नेसली. मित्रा जाताना तीच एक बरोबर घेऊन गेली होती.

फोटो आला. सगळीकडे पावसाळी जाकिटं घातलेली गोरी म्हातारी माणसं, पायात गमबूट, हातात छत्र्या, आणि मधे मोरपंखी साडी, केसांचा अंबाडा, कपाळाला टिकली लावून आमची मित्रा. मागे एक मोठी फळी, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या एकेक चिकटवून काढलेलं चित्र. नानांना काही उमगेना. चांगले कपडे कुठे आहेत? निखिलला फोटो दाखवला तेव्हा तो जिन्यातच बसला हसून. मग त्यानं मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. वेल म्हणजे चांगलं, तशी वेल म्हणजे विहीरसुद्धा. ते लोक विहिरी सजवतात. ओल्या मातीच्या फळीवर पाकळ्या लावून चित्र करतात आणि विहिरीपाशी ठेवतात, पाण्याचे उपकार म्हणून.

नाना ओशाळतील असं मला वाटलं. ते कसले ओशाळतात! "म्हणजे शंभर माणसांत चांगले कपडे घालून गेली ती एकटी माझी पोरगी!" आठवडाभर तोच फोटो, तीच गोष्ट. आमच्या समोरच्या शिंदेवहिनींना त्यांनी तो इतक्या वेळा दाखवला की त्या नाना दिसले की दार लोटून घ्यायच्या.

पुढचा रविवार आला. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. फोन वाजला. पण या वेळी तिचं तोंड दिसेना. नुसता काळा चौकोन आणि त्यावर तिचं नाव.

"नाना, रेंज नाही, म्हणून कॅमेरा बंद ठेवलाय," ती म्हणाली.

मला तिच्या आवाजावरून लगेच कळलं की रेंजचं काही नाही. पोरगी रडून बसली होती आणि ते बापाला दिसू नये म्हणून तिनं पडदा ओढला होता. नानांना काय, ओठच दिसेनात. ते काळ्या चौकोनाकडे बघून हसले. "मी ठणठणीत! तू कशी आहेस?"

"नाना, त्या दिवशी साडी नेसून गेले ना. सगळ्यांनी कौतुक केलं. एक आजी तर पदराला हात लावून बघत होती. पण रात्री खोलीवर आले आणि मला साडी सोडवेचना. तशीच बसून राहिले. आईचा वास येतो अजून तिला."

"मस्त! मस्त!" नाना म्हणाले.

मग ती म्हणाली, "नाना, मला नावानं हाक मारणारं इथं कोणी नाही. सगळे लव्ह म्हणतात. मला म्हणतात, दुकानदाराला म्हणतात, बस ड्रायव्हरला म्हणतात. मला नाही राहवत आता. मी येऊ का परत? तुम्ही या म्हणालात तर मी येते."

माझं लाटणं थांबलं.

"जा, जा!" नाना म्हणाले. "विचारतेस काय? दोन दिवस काढ आणि जा. आता पुढचं ऐक. खाली दक्षिणेला, समुद्राच्या काठावर सिमेंटचे कान आहेत. भिंतीएवढे. जुन्या काळी शत्रूचं विमान दिसायच्या आत ऐकू यावं म्हणून बांधले. आता कोणी वापरत नाही, नुसते उभे आहेत समुद्राकडे तोंड करून. मला फार आवडले ते…"

"नाना, ऐका ना माझं."

"ऐकतोय ना! तर ते कान…"

त्यांचं सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं नाना. समजलं मला." आणि फोन ठेवला.

नाना माझ्याकडे वळले. चेहरा कसा उजळलेला. "जाणार म्हणाली!"

मी म्हटलं, "नाना, ती रडत हुती."

"हो, थंडी असते तिकडं," नाना म्हणाले.

मी जवळ गेले. हाताला पीठ तसंच. "नाना, मित्रा रडत हुती. तिला परत यायचंय."

"दुपारनंतर वारा सुटतो. स्वेटर न्यायला सांगायला हवं होतं."

मला आयुष्यात कधी जोरात ओरडायची वेळ आली नव्हती. बाळंतपणातसुद्धा मी ओरडले नव्हते, नर्स म्हणाली होती, ही बाई आहे का खांब. पण तिकडं ती पोरगी काय समजून बसली असेल ते माझ्या डोळ्यापुढं आलं. येऊ का म्हणून विचारलं, आणि बाप म्हणाला, जा. मी नानांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "पोरगी रडतीय! ती म्हणती मी येऊ का, आन् तुमी म्हणताय जा!"

खालच्या मजल्यावरचा मिक्सर बंद पडला. शिंदेवहिनींचं दार उघडलं. "काय झालं हो? कोण भांडतंय?" मला बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी या बिल्डिंगमध्ये आले तेव्हापासून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

नाना स्टुलावर बसले. गालाला माझ्या हाताचं पीठ लागलेलं. मग म्हणाले, "सगळं सांगा. काय काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. एकेक वाक्य कानात ओरडून. साडी सोडवेना. आईचा वास येतो. नावानं कोणी हाक मारत नाही. "समदी तिला लव्ह म्हणत्यात!"

"अगंबाई, जमलं का मित्राचं?" शिंदेवहिनी दारातून म्हणाल्या. "कोण आहे? तिकडचाच का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. काय बघितलं मला माहीत नाही, पण वहिनी आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

नाना हळू बोलायला लागले. हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "प्रेसवर कापूस द्यायचे कानात घालायला. पण कापूस घातला तर शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही. प्रेसवर हाक ऐकू आली नाही तर बोटं जातात, ताई. आम्ही बोटं ठेवली." त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. दाही बोटं होती. "मित्रा तिकडं गेली तेव्हा माई जाऊन वर्ष झालं नव्हतं. एकट्या बापाला टाकून जात नाही म्हणत होती. मी म्हटलं, मी ठणठणीत. तेव्हा कानाचं कळलं असतं तर ती गेलीच नसती."

"आन् ह्या जागा?" मी विचारलं. ओरडावं लागलं.

"पहिल्या वर्षी थोडं यायचं ऐकायला. तेव्हा ती एकदा म्हणाली होती, सुट्टीच्या दिवशी खोलीतच बसून असते मी नाना, कुठं जायचं ते कळत नाही. त्यानंतरचं तिचं बोलणं मला नीट लागलं नाही कधी. तेवढंच एक वाक्य माझ्याकडे राहिलं. मग मी जागा शोधत बसलो."

नानांनीच मोबाईल उचलला. "लावतो. पण तुम्ही बोला तिच्याशी. मला सांगा ती काय म्हणते."

विलायतेला फोनवर बोलायचं म्हणजे माझ्या पायाला घाम फुटला. तिनं उचलला. मी म्हटलं, "मित्रा, मी पोळ्यावाली ताई. नानांना ऐकू येत न्हाई. लई दिवस झालं. तू मगाशी काय म्हणलीस ते त्यांना कळलं न्हाई, बाळा. ते जा म्हणाले ते फिरायला जा म्हणाले."

मग काळा चौकोन गेला आणि तिचं तोंड दिसलं. डोळे सुजलेले. ती नानांकडे बघत होती, पण बोलली माझ्याशी. "कधीपासून?"

"माई गेल्यापासनं तरी."

"मग इतकी वर्षं दर रविवारी मी कोणाशी बोलत होते, ताई?"

नाना माझा दंड हलवत होते. "काय म्हणाली?" मला सांगावंसं वाटत नव्हतं. पण त्यांनी तिच्या ओठांवरून काहीतरी ओळखलं होतं, लपवून उपयोग नव्हता. मी कानात सांगितलं.

नाना म्हणाले, "तिला सांगा, ऐकू येत नव्हतं. पण फोन ठेवावासाही वाटत नव्हता."

ते सांगायची गरज पडली नाही. तिनं ऐकलंच होतं. नाना मात्र मला पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "सांगितलंत का? सांगितलंत का?" शेवटी मी नुसती मान हलवली.

मित्रा म्हणाली, कानाच्या मशीनचे पैसे उद्या पाठवते. नाना हट्टाला पेटले. एजंटला द्यायला ती कर्ज काढून गेली होती, तेच अजून फिटायचं होतं. तिच्याकडून एक रुपया घेणार नाही म्हणाले. त्याच महिन्यात माझा भिशीचा नंबर लागला होता, फ्रिज घ्यायचं ठरलं होतं. मी पैसे नेऊन नानांपुढं ठेवले. आमचे हे म्हणाले, "कुणाला दिलेस? त्या विलायतवाल्याला? आता तुला तिकडनं गारगार हवा येईल फ्रिजच्या जागी." पण ते तसं बोलतात. दुसऱ्या दिवशी टेम्पो काढून नानांना कानाच्या डॉक्टरकडे तेच घेऊन गेले.

डॉक्टरांनी दोन्ही कानांची मशीनं सांगितली. पैसे एकाचे होते. कुठला कान, असं विचारल्यावर नाना म्हणाले, "फोनचा."

मशीन लावून पहिला रविवार आला तेव्हा मी मुद्दाम गेले नाही. भिंत एकच असल्यामुळं ऐकू यायचं ते आलं. मित्राचा बारीक आवाज बराच वेळ चालू होता, आणि मधेमधे नानांचं "हं. मग? हं." एकदाही त्यांनी कुठली जागा सांगितली नाही. करार संपायच्या आत तिला कायमचं परत येता येत नव्हतं, म्हणून ती तिथंच राहिली. पण थंडीत महिनाभराची रजा मिळाली आणि ती घरी आली. विमानतळावर नाना आमच्या टेम्पोतून गेले आणि येताना पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसून आले.

भाजीवालीला मात्र करमेना. "नानांना झालंय काय? मेथी म्हटलं की मेथीच घेत्यात."

नाना पेन्शन झाली की दर महिन्याला माझ्या पैशांतले थोडे आणून द्यायचे. मी राहू द्या म्हणायचे, ते राहू द्यायचे नाहीत. शेवटचे द्यायला आले तेव्हा मित्रा घरी होती. एरवी पैसे दिले की ते दारात टेकून दोन शब्द बोलायचे. त्या दिवशी उंबऱ्याच्या आतही आले नाहीत.

"मोजून घ्या ताई. मी थांबत नाही. ती काहीतरी सांगत होती, अर्ध्यातच उठून आलोय."

चप्पल नीट पायात न घालताच ते गेले. भिंतीपलीकडून मित्राचा आवाज पुन्हा सुरू झाला. नानांचा नाही. मी ओट्यापाशी उभी राहून पैसे मोजले. पूर्ण होते.